गाझियाबादेत पोकळ भिंत

निलंग्याहून निघून, दोन गाड्या बदलून गाझियाबादला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. ऊन मात्र दुपारचं होतं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला घर बांधायला एवढ्या लांब बोलावतात, याचा आनंद मी वाटेत अकरा वेळा तिकीट तपासून साजरा केला.

स्टेशनपासून पुढे काचेच्याच इमारती. उन्हाळा एवढा कडक, तर काचेत राहावं, इथवर आमच्याकडे कुणाचं डोकं चाललं नाही. आत एसी, त्याची गरम हवा बाहेर, तिने शेजारी उकडतो, मग तोही एसी घेतो. असा शेजारधर्म मी कुठे पाहिला नव्हता.

मालक कर्णिकसाहेब, केंद्र सरकारातून निवृत्त झालेले. लातूरच्या ज्या इंजिनिअर ताईंनी मला गवंडीकाम शिकवलं, त्यांनीच हे घर आखलेलं. पश्चिमेची भिंत विटा कडेवर उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून बांधायची. पोकळीतली हवा ऊन अडवते.

"हे बघा सुरेखाबाई," साहेब म्हणाले, "ही खोली थंड राहिली तर वरचा मजलाही असाच. नाहीतर वर काच. मिसेसना काच बिल्कुल पसंत आहे."

जोडीला रामबिलास मिस्त्री, बिहारचे, वयाने मोठे. पहिल्याच दुपारी मला चक्कर आली, तर त्यांनी आपल्या डब्यातलं सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ) मीठ-कांदा घालून पाण्यात कालवून पाजलं. "पी लो दीदी, ये लातूर नहीं है." लातूर जणू काश्मीर! पण त्या पेल्याचे उपकार मनात राहिले, म्हणून पुढचं फार जड गेलं.

खिडकीच्या डावीकडची भिंत वरपर्यंत झाली, उजवीकडची छातीएवढी. रविवारी मी मेट्रोने दिल्लीत करोल बागेत लेकीसाठी कुर्ता आणायला गेले. तीन दुकानदारांनी 'बहनजी' म्हणून फसवलं, चौथ्याने 'आंटी' म्हणून.

सोमवारी येऊन बघते तर उजवीकडची पोकळी विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पातळ माल घालून गच्च भरलेली.

"आपकी छुट्टी थी, तो हमने पूरा कर दिया," मिस्त्री म्हणाले. चेहरा असा, जणू माझी अब्रू वाचवली. "अंदर से खाली छोड़ देतीं तो मालिक चोर कहता."

उभा जन्म इमानाने भिंती भरत आलेला माणूस. त्याला काय बोलणार? गप्प बसले असते तर कुणाला दिसलंही नसतं. फक्त खोली तापली असती. शेवटी भीत भीत साहेबांना सांगितलं. ते दिवेलागणीला आले, दोन्हीकडे हात ठेवला आणि म्हणाले, "अच्छा! भरलेली तर जास्त थंड आहे."

मीही हात ठेवला. होती थंड! मिस्त्री नम्रपणे आभाळाकडे बघत राहिले.

"ओल आहे साहेब. वाळू द्या."

माझ्या सातवीपर्यंतच्या विज्ञानाला साहेबांनी मोठ्या मनाने आठ दिवस दिले. तिथल्या उन्हावर माझी एवढी श्रद्धा आधी कधी नव्हती. सकाळी उठून पहिलं बघायचे, ढग तर नाही ना?

आठव्या संध्याकाळी साहेबांच्या आधी मिस्त्रींनीच हात लावला. उजवीकडचा लगेच उचलला. डावीकडे ठेवला, तो तिथेच राहू दिला.

"तो दीदी, हवा भरनी थी?" ते म्हणाले. "पहले बताना था ना!"

खरंच सांगितलं नव्हतं. 'इथे मोकळं ठेवा' एवढा हुकूम सोडला होता. मला जन्मभर लोकांनी असंच सांगितलं. न शिकलेल्या बाईला कारण कशाला? एकट्या ताईंनी सांगितलं, म्हणून मी गवंडी झाले. आणि हाती गवंड्याचा ओळंबा येताच मीच साहेब झाले.

साहेब मिस्त्रींवर ओरडायला लागले तेव्हा म्हटलं, "चूक माझी आहे." भरलेली भिंत मिस्त्रींनी स्वतः फोडली. पुन्हा बांधताना पोकळीवर फळी धरून असा माल पसरत, की आत थेंब पडत नव्हता. वरचा मजलाही पोकळच ठरला, मिस्त्रींच्या हाती. मिसेसनी काचेचं सुतक आठवडाभर पाळलं.

आता मी गावी आहे. दिल्लीला जाऊन लाल किल्ला पाहिला नाही म्हटल्यावर लोकांचा माझ्या प्रवासावरचा विश्वासच उडतो. परवा मिस्त्रींचा फोन आला.

"दीदी, ऊपर नया मिस्त्री आया है. बीच की जगह भरने लगा था. हमने ऐसा डांटा, ऐसा डांटा!"

"क्यों नहीं भरना, ये बताया?"

"रुकिए दीदी," म्हणत त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि कुणाला तरी हाक मारली, "अरे भाई, इधर आओ. यहां हाथ रखो."