पहिलं हँडल

त्या सकाळी मी चांगलाच तापलो होतो. मुंबईची आगबोट दिघीच्या धक्क्याला लागून पुढे गेली होती, उतारू पेट्या-वळकट्या घेऊन माझ्या मोटारीत दाटीवाटीनं बसले होते, आणि इस्माईल मिस्त्रींचा पत्ता नव्हता. मिस्त्री येऊन इंजिनाला पुढून हँडल मारत नाहीत तोवर माझी मोटार सकाळी सुरू होत नसे. जुन्या उतारूंना हे ठाऊक होतं, ते मुकाट्यानं बिड्या ओढत बसले होते. नवे होते त्यांनी कुरकुर सुरू केली. शेवटी मी माझ्या क्लीनरला, धाकूला म्हटलं, "जा रे, त्या लाटसाहेबांना उठवून आण. म्हणावं, श्रीवर्धन काय चालत आपल्याकडे येणार आहे?" धाकू पळत गेला आणि चालत परत आला. तो चालत आला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. "शेट," तो म्हणाला, "मिस्त्री न्हाय येत आता. फजरच्या नमाजाला उठले, हातपाय धुऊन वजू केली, नि तितंच भिंतीला टेकून बसले... ते बसलेच." उतारूंपैकी कुणीतरी टोपी काढली. मी मोटारीतून उतरलो आणि सगळ्यांना सांगितलं, आज मोटार जाणार नाही. कुणी हुज्जत घातली नाही.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. त्यांचा चाळिसावा दिवसही झाला. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत थोरामोठ्यांवर लिहून येतं. मिस्त्री थोर नव्हते आणि मोठे तर मुळीच नव्हते. त्यांच्या हातून चुका व्हायच्या, आणि त्यातली सगळ्यांत महाग चूक माझ्या वाट्याला आली. म्हणून लिहिण्याचा हक्क माझा आहे असं मी धरून चालतो.

मिस्त्री मूळचे इथलेच, दिघीच्या मोहल्ल्यातले. तरुणपणी आगबोटीवर इंजिनखोलीत तेलवाले होते. मोठी लढाई संपल्यावर काही वर्षांनी दर्यावरची नोकरी सोडून गावी आले आणि धक्क्याच्या वरच्या अंगाला, जिथे शिडाचे मचवे बांधतात त्याच्या शेजारी, झावळ्यांच्या छपराखाली त्यांनी मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला. तेव्हा या बाजूला मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे त्यांचा अर्धा दिवस मचव्यांच्या सुतारांशी गप्पा मारण्यात जाई. पण मोटार आली, की मग त्यांना खाण्यापिण्याची शुद्ध राहत नसे. आमच्याकडची हवा खारी. नट गंजून एकजीव होतात, स्प्रिंगांचे पाटे एकमेकांना चिकटतात, दिव्यांच्या तारा हिरव्या पडून तुटतात. मिस्त्री त्या नटांवर रॉकेल सोडत बसायचे आणि त्यांच्याशी बोलायचे. "ये बाबा ये, हट्ट करू नको." नट आला नाही, तर मग आगबोटीवरच्या शिव्या. त्या मला इथे लिहिता येणार नाहीत.

आगबोटीवर शिकलेला माणूस मोटारीलाही आगबोटच समजायचा. सगळं जरा जादा घट्ट, जादा जाड. श्रीवर्धनच्या एका डॉक्टरांनी मोटारीचं वरचं चामड्याचं टप पावसात गळतं म्हणून आणून दिलं, तर मिस्त्रींनी मचव्याला चोपडतात ते मोरी माशाचं तेल त्याला दोन्ही बाजूंनी चोपडलं. पाणी गळायचं थांबलं हे खरं. पण डॉक्टर ज्या ज्या गावात रोग्याला बघायला जात, तिथली कुत्री मोटारीवर चढू लागली, आणि एका दुपारी त्यांनी ते टप फाडून अक्षरशः खाल्लं. डॉक्टर लालबुंद होऊन आले. मिस्त्रींनी फाटकं चामडं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी तर न्हाय ना आत आलं?" डॉक्टर पुन्हा कधी त्यांच्या दारात आले नाहीत. नवं टप मात्र मिस्त्रींनी पदरचं घालून करून दिलं.

आता पहिल्या हँडलाविषयी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे नवा किंवा डागडुजी केलेला मचवा पाण्यात लोटताना पहिला हात मालकाचा लागतो. मालकानं हात लावल्याशिवाय दुसरा कुणी त्याला शिवत नाही. शेजारी रोज हेच बघून मिस्त्रींनी ती रीत आपल्या कारखान्यात उचलली. ज्या मोटारीचं इंजिन उघडलं, तिला जोडणीनंतर पहिलं हँडल मालकानंच मारायचं, त्याआधी खुद्द मिस्त्रीसुद्धा ते फिरवणार नाहीत. लोकांना हे फार आवडे. माणसं नारळ-उदबत्ती घेऊन यायची, दोन-चार शेजारी जमायचे, इंजिन धडधडलं की टाळ्या पडायच्या. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण ज्या यंत्राची कुणी चाचणीच घेतली नाही, त्याच्यापुढे आपण हात घालतोय, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचा हिवाळा होता तो. माझ्या मोटारीचं इंजिन मिस्त्रींनी पुरतं खोललं होतं. जोडून झाल्यावर मला बोलावणं आलं. नारळ माझा, बिस्मिल्ला त्यांची. मी खाली वाकलो, हँडल धरलं आणि जोर केला. इंजिनानं उलटा तडाखा दिला. काडकन आवाज झाला, तो मला आधी इंजिनाचाच वाटला. मग माझा उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच दिशेला वळलेला दिसला. बोर्ली पंचतनच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून तो बांधला. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. लिहिता येतं, जेवता येतं, मोटारीचं चाकही वळवता येतं, पण हँडल मारण्याचा जोर त्यात पुन्हा कधी आला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मिस्त्री माझ्या घरी आले. त्यांच्या हातात मॅग्नेटोचं, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, दातेरी चाक होतं. माझ्या अंथरुणाशी बसून त्यांनी बोटानं दाखवलं. "हे बघा शेट. हितं बसायला पायजे व्हतं, मी एक दात पुढं बसवलं. ठिणगी वखताआधी पडली. चूक माझी हाय." सबब नाही, रडारड नाही, नशिबाला बोल नाही. मी उशाचा तांब्या उचलून डाव्या हातानं त्यांच्यावर फेकला. डाव्या हाताची सवय नव्हती, नेम चुकला. मिस्त्रींनी तांब्या उचलला, पुसला, परत उशाशी ठेवला आणि विचारलं, "मोटार उद्यापास्नं कोन चालवनार?"

तो सगळा हंगाम त्यांनी स्वतः चालवली. कारखाना बंद ठेवून, दाराला झाप लावून. मोटार उभी राहिली असती तर उतारू दुसऱ्या मोटारीकडे गेले असते आणि माझा धंदा बसला असता, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं. हात बरा होऊन मी पुन्हा गाडीवर बसलो, त्या सकाळीही ते हजर. गार इंजिन सगळ्यांत वाईट उलटतं, म्हणून सकाळचं हँडल तेच मारणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुपारी परत निघताना गरम इंजिनाला धाकू हँडल मारी, त्याला त्यांची हरकत नव्हती. सकाळी मात्र नाही. मी म्हटलं, "धाकू चांगला दांडगा आहे, तो मारील." तर म्हणाले, "आनि त्याचा मोडला मंजे? एक मोडला तेवढा बस झाला." कारखान्यातली ती रीतही त्यांनी त्याच दिवसापासून बंद केली. कुणी नारळ घेऊन आलाच, तर मिस्त्री मला हाक मारून बोलवायचे आणि सांगायचे, "हे आमचे शेट. ह्यांचा हात मी मोडला. आता बोला, तुमाला मारायचंय पयलं हँडल?" किती वेळा मी ऐकून घेतलं असेल! लोक माझ्या हाताकडे बघायचे, नारळ तसाच घेऊन मागे सरायचे, आणि मी धुमसत राहायचो.

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. माझी मोटार मला माझी मी सुरू करायची होती. बस्स. ज्यानं हात मोडला त्याच्याच हाताची रोज सकाळी वाट बघत उभं राहायचं, हे मला सोसत नव्हतं. म्हणून पुढे जुनी मोटार विकून मी मुंबईहून सेल्फ असलेली मोटार आणली. पायाखालचं बटण दाबलं की इंजिन सुरू. हात नसला म्हणून काय झालं, पाय तर होता! मचव्यावरून ती दिघीला उतरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री रोजच्या वेळेला आले. मी त्यांच्या देखत बटण दाबलं. ते इंजिनाचा आवाज ऐकत थोडा वेळ उभे राहिले. "चांगला हाय," म्हणाले, आणि गेले. मला फार बरं वाटलं. तो हंगाम मी असाच राजासारखा काढला. मिस्त्री मात्र रोज यायचे, लांब उभे राहून चहा प्यायचे, मोटार निघाली की कारखान्याकडे वळायचे.

पावसाळ्यात आगबोटी बंद आणि रस्त्यांचा चिखल, म्हणून मोटार त्यांच्याच कारखान्यात ओंडक्यांवर चढवून ठेवली. दसऱ्याला बाहेर काढली, तर सेल्फ मेलेला. बटण दाबलं, तर चूं नाही की चां नाही. "खाऱ्या हवेनं खाल्ला," मिस्त्री म्हणाले. "सामान मुंबईस्नं मागवाया पायजे." मला शंका यायचं कारणच नव्हतं, आमच्याकडची हवा काय खात नाही? झालं. पुन्हा त्यांचं रोजचं हँडल सुरू. मी अधूनमधून ओरडायचो, "मिस्त्री, सामान आलं का?" ते हँडल मारता मारता म्हणायचे, "येल, येल." अशी वर्षं गेली. सामान काही आलं नाही.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, हलीमाभाबींनी, एक गोष्ट सांगितली. गेलं वर्षभर मिस्त्रींना दम लागत होता. धक्क्यावरून घरी आले की ओट्यावर टेकायचे, बराच वेळ बोलता यायचं नाही. "मी म्हनायची, धाकूला सांगा ना, तो मारील हँडल," भाबी म्हणाल्या. "तर मलाच म्हनायचे, शेट माझी वाट बगत असंल." वाट बघायचो हे खरंच होतं. पण कशी, ते भाबींना काय सांगणार!

मिस्त्री गेल्यावर सकाळचं हँडल धाकू मारू लागला. पण एका गार सकाळी त्यालाही तडाखा बसता बसता राहिला, आणि मी ठरवलं की आता सेल्फचं काय ते बघायचंच. श्रीवर्धनला नवा मेकॅनिक आलाय, त्याच्यापुढे मोटार उभी केली. त्यानं पायाखालची फळी उचलली, आत हात घातला आणि हसायलाच लागला. "ह्यात बिघाड कसला? वायर काढून ठेवलीय कुणीतरी!" मी वाकून पाहिलं. बॅटरीकडून बटणाकडे जाणारी जाड वायर सोडवून बाजूला वळवलेली होती. तिच्या टोकाला शिडाच्या कापडाचा तुकडा गुंडाळलेला, आणि त्यावर दर्यावर्दी माणसं दोराच्या टोकाला मारतात तशी गाठ. ती गाठ कुणाची, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी भर रस्त्यात, उतारूंच्या देखत, मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या. एवढी वर्षं! मला लाचारासारखं उभं केलं, सामानाच्या थापा मारल्या, आणि सगळा खेळ एका वायरीचा!

मेकॅनिकनं कापड सोडलं. आत ग्रीस. ताजं, मऊ ग्रीस. त्यानं ते पुसलं आणि खालचं तांबं कोऱ्या भांड्यासारखं लखलखलं. आमच्या हवेत उघडं तांबं एका हंगामात हिरवं पडतं. ग्रीस लावलं तरी ते वाळतं, तडकतं, पुन्हा लावावं लागतं. म्हणजे मिस्त्री दर थोड्या दिवसांनी, माझ्या नजरेआड, फळी उचलून, कापड सोडून, टोक पुसून, नवं ग्रीस लावून पुन्हा बांधत होते. आपण यायचे बंद झालो की शेटचं अडू नये, कुणीही जोडली तरी ती वायर त्या क्षणी चालावी म्हणून. "जोडू?" मेकॅनिकनं विचारलं. मी "जोडा," म्हटलं. बटणावर पाय ठेवला, इंजिन पहिल्या दाबाला सुरू झालं.

हाताचा राग माझा केव्हाच गेला होता. कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही, पण गेला होता. ते मिस्त्रींना सांगायचं तेवढं राहिलं. एकदा जरी म्हणालो असतो, की मिस्त्री, झालं ते झालं, आता माझ्या मनात काही नाही, तर कदाचित त्यांनी ती वायर स्वतःच जोडून दिली असती. किंवा त्याहून घट्ट बांधली असती, त्यांचा काही नेम नव्हता. आता मोटार मीच सुरू करतो. मला हवं होतं तसं. परवा उतारू बसले, सामान चढलं, आणि मी नुसताच बसून राहिलो, तेव्हा धाकू खिडकीशी येऊन म्हणाला, "शेट, दाबा की बटन. कुनाची वाट बगताव?" मी त्याच्यावर खेकसलो आणि मोहल्ल्याच्या रस्त्याकडे वळलेली मान सरळ करून बटण दाबलं.