शालूताई आणि पेढ्याचं पोट

शालूताई रोज सकाळी कुत्र्याला घेऊन गल्लीत निघत आणि त्याचं आटोपलं की नाकावर चष्मा चढवून, कमरेत वाकून त्याची शी निरखत. इंदुरात कुत्र्याची घाण उचलायला आता कुणी लाजत नाही, शहराला स्वच्छतेचा भारी अभिमान आहे. पण उचलण्याआधी तिचा एवढा अभ्यास करणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. मग मान वर करून, समोर जो असेल त्याला त्या सांगत, "आज एकदम बढिया बांधून झाली!" समोरच्याच्या हातात बहुधा पोह्यांची पुडी असे.

सांगलीहून मी इंदुरातल्या पलासिया भागातल्या एका ऑफिसात नोकरीला आलो आणि ताईंच्या वरच्या खोलीत भाडेकरू झालो. ताई महूच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. खाली त्या आणि रस्त्यावरून उचलून आणलेला पेढा. नाव पेढा, आणि अंगावर नुसत्या बरगड्या. बाई कुत्र्याला उपाशी ठेवतात असंच मला वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सगळ्यांना हेच वाटतं," त्या म्हणाल्या. "अरे, माझ्यापेक्षा जास्त खाऊन राहिला तो. पण त्याच्या पोटात पाचक रस बनतच नाही नी. खाल्लं तसं बाहेर. दिवसभर भूखा बिचारा."

हा आजार बरा होत नाही. जन्मभर प्रत्येक जेवणात एक पावडर कालवायची आणि अन्न तिच्यात नीट भिजेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात. ते थांबणं भयंकर. पेढा घर डोक्यावर घेई. ताई वाडगं ओट्यावर ठेवून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि म्हणत, "भुंक. जितकं भुंकायचं तितकं भुंक. आठवी ब सांभाळलाय मी." कांदा-लसूणही न खाणाऱ्या ताई मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर, नाकाला पदर लावून त्याच्यासाठी चिकन उकडत. "देवानं विचारलं तर सांगेन, याच्या डॉक्टरला विचार."

पण या गावात कुत्र्याचं पथ्य सांभाळणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर. इथे माणूस भेटला की आधी खायला घालतात आणि मग नाव विचारतात. पाहुणे आले की ताई फाटकातच अडवत, "पिशवीत काय आहे? कचोरी? ती मला द्या." त्यावरून लोक त्यांना हसत. मीही हसत असे.

कोपऱ्यावर मनोजभियाचं नमकीनचं दुकान होतं; इंदुरात भैयाचा भिया होतो. त्याचे वडील दिवसभर दुकानाच्या बाकावर बसत आणि पेढा त्यांच्या पायाशी पडून राही. म्हातारबुवा त्याला काही खायला देत नसत, नुसते खाजवत. ते गेले. त्यानंतरच्या श्राद्धपक्षात मनोजभियाने पान वाढलं, गायीचा आणि कावळ्याचा घास काढला. राहिला कुत्र्याचा. तो दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला घालायला त्याचं मन होईना. दुपारी ताई जरा पडल्या होत्या, तेव्हा त्याने फाटकातून हात घालून पेढ्याला खीर-पुरी भरवली.

संध्याकाळपर्यंत पेढ्याच्या पोटात पाणी ठरेना, मग उभं राहवेना. दवाखान्यात त्याला सलाइन लावून दिवसचे दिवस ठेवावं लागलं. मनोजभिया दुकान बंद ठेवून पायरीवर बसून असे. "ताईजी, दो निवाले ही तो थे. बाबूजी के नाम के थे," तो म्हणाला आणि रडला. त्या दिवसापासून पोह्यांवरची शेव ताई दुसरीकडून आणू लागल्या, आणि इंदुरात याहून मोठी शिक्षा नसते.

पेढा वाचला. पुढच्या वर्षी श्राद्धाच्या दिवशी मनोजभिया रिकाम्या हातांनी फाटकाशी उभा राहिला. "ताईजी, ये क्या खा सकता है, वो सिखा दो." ताई म्हणाल्या, "हात धुऊन ये." त्या दिवशी त्याने वडिलांच्या नावाने भात कालवला, पावडर घातली आणि ते भिजेपर्यंत वाडग्यासमोर बसून राहिला. नंतर तो अधूनमधून येत राहिला.

मग ताईंना कर्करोग निघाला. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. त्याच्या घरी कुत्रा ठेवणं शक्य नव्हतं. पेढा माझ्याकडेच येणार हे मी धरून चाललो होतो. ताईंनी पावडरचा डबा मनोजभियाच्या हातात दिला. मला राग आला, अगदी खरा राग. मी म्हटलं, "ताई, त्याने तर याला मारूनच टाकलं असतं."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "तू चांगला आहेस रे. पण तुला अजून वाटतं, एका घासानं काय होतं. त्याला नाही वाटत."

मनोजभिया पक्का शाकाहारी. चिकनचं नाव निघताच त्याने आधी कानांना हात लावले. "करूंगा ताईजी. पीछे आंगन में करूंगा." गाडी निघाली तेव्हा ताई रडल्या. पेढ्याला त्यांनी हात लावला नाही. हात लावला तर उतरावं लागेल, असं म्हणाल्या.

पावसाळा संपता संपता ताई गेल्याचा फोन आला. मी थेट मनोजभियाकडे गेलो. मागच्या अंगणात तो पेढ्याचं जेवण कालवत होता. मी सांगितलं. तो तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. पेढा भुकेने त्याच्या अंगावर उड्या मारत होता, केकाटत होता. मला ते बघवेना. मी वाडगं उचललं आणि म्हटलं, "तुम्ही बसा, मी देतो याला."

हुंदक्यातच त्याने माझं मनगट धरलं.

"नहीं भिया," तो म्हणाला. "अभी भीगा नहीं है."