ठिबकवाल्याचा हात

माझ्या बायकोच्या मते माझ्यात दोन दोष आहेत. एक, मला सगळं कळतं. दोन, मला सगळं कळतं हे मी सगळ्यांना सांगत सुटतो. आता वीस वर्षं खकनारकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांशी झटापट केलेला माणूस मी. थेंब कसा पडतो ते पाहून कचरा कुठे अडकलाय ते सांगतो. ही विद्या दवाखान्यात चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, दोनदा. पण ऐकतो कोण?

झालं असं, की बायको बागेत आली आणि चपलेतून खिळा आरपार तळपायात घुसला. तिला शुगर आहे, त्यामुळे दुखलंही फारसं नाही. आठ दिवस ती हळद दाबत राहिली आणि आठ दिवस मी ‘काही होत नाही गं’ म्हणत राहिलो. नवव्या दिवशी पाय हा एवढा सुजला, ताप चढला आणि आम्ही लोधीपुऱ्यातल्या घरून रिक्षा करून दवाखान्यात पळालो. तिथे पाय चिरून साफ केला, पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो असा, की हे जंतू नेहमीच्या औषधांना मोजतच नाहीत. एकच औषध लागू पडेल, आणि तेही शिरेतून, बाटलीने.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. ती सरळ म्हणाली, “याने पू थांबला तर पाय वाचला. नाही थांबला तर आधी बोटं जातील. पुढे किती कापावं लागेल, आज सांगता येत नाही.”

बायको शाळेत शिकवते. ती एवढंच म्हणाली, “मला फळ्यापाशी उभं राहायचंय हो.”

मग डॉक्टरने औषधाची पथ्यं सांगितली. बाटली दीड तासाच्या आत संपवायची नाही. एक दिवसाआड रक्त तपासायचं, कारण हे औषध किडनीला त्रास देऊ शकतं. लघवी कमी झाली किंवा कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं. बायको म्हणाली, “शिट्टी नाही, पण यांची बडबड ऐकू येते. त्यावर आहे काही?” सिस्टर खोखो हसली. जाताना नळीवरच्या, थेंब कमी-जास्त करायच्या चाकाकडे बोट दाखवून मला म्हणाली, “काका, इसको हाथ मत लगाना हं.” काका! मला! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बागेतून फोन आला. माल न्यायची गाडी लागली होती, घड कापणारे हात बांधून बसले होते, आणि मी गेल्याशिवाय कोणी कोयता उचलणार नव्हतं. इकडे सिस्टर बाटली लावून गेली होती आणि बायको डोळे मिटून पडली होती. मी बाटलीकडे पाहिलं; ती संपल्याशिवाय मला निघता येणार नव्हतं. एक थेंब. मग विचार करून दुसरा थेंब. आमच्याकडे असं पाणी टपकलं तर आम्ही त्याला चोक म्हणतो. मी नळीला टिचकी मारली. काही फरक नाही. मग चाक जरासं फिरवलं. मग अजून जरासं. धार लागली तसा मी मनात म्हटलं, बघा, चोकच होतं.

दहा-बारा मिनिटांत बायको मान खाजवायला लागली. पाहतो तर चेहरा, गळा, छाती लालेलाल, मिरच्या वाळत घातलेल्या खळ्यात लोळून आल्यासारखी. माझी पाचावर धारण बसली. आणि मी काय केलं? आधी चाक होतं तसं परत फिरवलं, आणि मग सिस्टरला हाक मारली. या क्रमाची मला आजही लाज वाटते.

सिस्टरने बाटली बंद केली, बीपी पाहिलं. जरा उतरलं होतं. श्वास नीट होता. डॉक्टर धावत आली, खाज थांबायचं इंजेक्शन दिलं आणि माझ्याकडे वळली. “चाकाला कोणी हात लावला होता?”

“छे!” मी म्हणालो.

सिस्टर एकदा बाटलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरने लाल पेन काढलं, फाइल उघडली. “नीट आठवून सांगा, काका. औषध जोरात गेलं तर असं होतं. तसं असेल तर थांबून, हळू करून पुन्हा देता येईल. पण हळू चालू असताना झालं असेल, तर हे औषध यांना चालत नाही असं मला इथे लिहावं लागेल. मग पायासाठी दुसरं काय शोधायचं, मला माहीत नाही.”

पेन कागदावर टेकलं. बायकोने डोळे उघडले. तिने ना बोट दाखवलं ना आवाज चढवला. म्हणाली, “अहो, पाय माझा आहे तो.”

“मी फिरवलं,” मी म्हणालो. “जोरात सोडलं. माझं चुकलं.”

लग्नाला बावीस वर्षं झाली. हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले, तेही भरल्या वॉर्डात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरने मला असं झापलं, की पलीकडच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. पण लाल पेन तिने खिशात ठेवलं. मी व्हरांड्यात गेलो आणि रडलो. लपवायचं काय त्यात?

अंगावरची लाली गेल्यावर उरलेली बाटली पुन्हा लावली, अगदी हळू, आणि सिस्टर तिथेच खुर्ची टाकून बसली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाटली दोन तासांची ठरली.

त्या दुसऱ्या दिवशी बाटली लागताच बायको म्हणाली, “द्या इकडे दोन्ही हात.” मी दिले. तिने घट्ट धरून ठेवले. चारचौघांत हिने कधी माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं! मी हळूच हसलो तर म्हणाली, “फुगू नका. चाकाच्या भीतीने धरलेत.” रोज दोन तास असाच अटकेत होतो मी. बागेचे फोन वाजून वाजून गप्प झाले. घड माझ्याविना कापले गेले, गाडी माझ्याविना गेली. कुणाचं काही अडलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

पू थांबला. रक्ताचे रिपोर्ट नीट राहिले. शेवटच्या बाटलीच्या दिवशी डॉक्टरने पट्टी सोडली, आणि पाचही बोटं जागेवर होती. सिस्टरने सुई काढली, रिकामी बाटली घेऊन गेली. मी म्हटलं, “चला, सुटलो. सोड हात.”

बायकोने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बसा हो,” ती म्हणाली. “दोन तास झाले नाहीत अजून.”