पूजेतला बाटला

कूलंटचा वास आधी नाकाला लागतो आणि मग हळूच जिभेवर उतरतो. लेथवर फिरणाऱ्या तापल्या लोखंडावर दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेत थोडा साबण, थोडा गंज, थोडं शिळं ताक असं काहीतरी मिसळलेलं असतं. अंबडच्या कारखान्यात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा हा वास असा अंगावर आला की मी दारातच थबकले. वर्षातून एकदा त्याला सोबत मिळते. खंडेनवमीला यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात, आणि दुपार कलेपर्यंत फुलांचा तो तुरट, हिरवट वास तेलात इतका मुरतो की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. आता नवरात्रात फुलबाजारातून जाताना माझं नाक झेंडूत तेलाचा अंश शोधतं. तो सापडला नाही की सण अळणी वाटतो.

त्या कारखान्यात मी सुरक्षा प्रशिक्षक आहे. शिक्षण मात्र मराठी कवितेचं. वृत्तं, यमकं, लघुगुरूंची मोजदाद यांत पाच वर्षं गेली, आणि नोकरी लागली ती कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळण्याची. एक दिवस व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं.

"तुम्ही मराठीच्या ना? मग भिंतीवरच्या सुरक्षेच्या सूचना लिहून द्या. इंग्रजीतल्या आहेत, कोणी मान वर करून बघत नाही."

मी आठवडाभर खपले. प्रेस मशीनजवळ लावायच्या फलकावर लिहिलं : 'वेगाच्या ओठांशी बोट नेऊ नये, लोखंडालाही असते भूक.' पेंटरनं निळ्या अक्षरांत, सुबक वळणात ते रंगवलं. मी ते येताजाता पाहत होते आणि मनातल्या मनात सुखावत होते. तिसऱ्या दिवशी लेथवरच्या काकांनी मला अदबीनं बाजूला घेतलं. हे काका कारखान्यातले सर्वांत जुने कामगार. रोज सायखेड्याहून मोटारसायकलवर येतात, आणि बोलण्याआधी परवानगी मागतात.

"मॅडम, तुमची परवानगी असली तर एक बोलू का?"

"बोला ना, काका."

"लय भारी लिवलंय तुम्ही. कारभारणीला पण वाचून दाखवलं. फकस्त हात कुठं घालायचा नाय, तेवढं कळंना."

फलक पुसला गेला. त्या जागी 'इथे हात घालू नका' असे चार शब्द आले. माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या ओळींपैकी सर्वाधिक वाचकांपर्यंत पोहोचलेली ओळ तीच.

त्या चार शब्दांमुळे व्यवस्थापकांना माझ्यात गुण दिसू लागले, आणि त्यांनी मला प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला धाडलं. वर्गात बावीस पुरुष आणि मी. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. पाठांतर हा माझा पिढीजात धंदा असल्यासारखी मी आगीचे प्रकार घडाघडा म्हणत असे. अडले ते प्रथमोपचारापाशी. जमिनीवर एक रबरी पुतळा उताणा पडलेला. तो बेशुद्ध आहे असं समजून त्याच्या खांद्यावर थोपटायचं आणि त्याला हाक मारायची. मी गुडघ्यांवर बसले, त्याच्या त्या गुलाबी, निर्विकार चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "अहो, ऐकलंत का?"

वर्ग हसून हसून वाकडा झाला. शिकवणारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "बाई, हा परका माणूस आहे. घरच्यासारखी हाक मारलीत तर तो उठायचाच नाही."

तरीही मी उत्तीर्ण झाले. पण प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र काही पदवीसारखं चौकटीत बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही. त्याला मुदत असते. दर तीन वर्षांनी एक परीक्षक येतो, आपल्याच माणसांसमोर आपल्याला शिकवताना पाहतो, आणि ठरवतो की या बाईला पुढेही शिकवू द्यावं की पुन्हा पत्रांच्या टेबलाशी बसवावं. मी त्या टेबलाला कंटाळले होते असं नव्हे. पण लोखंडाच्या गजरात उभं राहून, पंचवीस माणसांचे डोळे आपल्या शब्दांवर खिळलेले पाहण्याची मला चटक लागली होती. कवितावाचनाला इतके श्रोते मला कधी लाभले नव्हते. ते प्रमाणपत्र मला हवं होतं. फार हवं होतं.

परीक्षकांचा दिवस ठरला तो नेमका दसऱ्यानंतरचा.

आता त्याआधीची खंडेनवमी सांगायला हवी. त्या दिवशी कारखान्यात लेथ, ड्रिल, प्रेस, पाने, हातोडे अशा सगळ्यांची पूजा होते. एकदा पूजा झाली की हत्यार वापरायचं नाही, हलवायचं नाही, हा दंडक. दसरा उलटल्यावर अक्षता टाकून उत्तरपूजा करायची, आणि मगच यंत्र सुरू. यंत्रांचं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, भिंतीवरचे लाल बाटले राहिले. आग विझवायच्या सिलिंडरला आमच्याकडे सगळे बाटलाच म्हणतात, घरातल्या गॅसच्या बाटल्यासारखा.

"ते तर आपले रक्षणकर्ते," व्यवस्थापक म्हणाले. "त्यांची पूजा मॅडमच्याच हातून होऊ द्या."

मी भारावले. पाचही बाटल्यांना हळदीकुंकू वाहिलं, माळा घातल्या, आणि लाल-पिवळा नाडा घेऊन प्रत्येकाच्या मानेभोवती गुंडाळला. माझा हात सजावटीला लागला की थांबत नाही. नाडा मुठीवरून घेतला, कडीतून ओवला, सात गाठी मारल्या आणि शेवटच्या गाठीचं फूल केलं. सगळे कौतुकानं पाहत उभे होते. ती कडी म्हणजे बाटल्याची पिन. ती ओढल्याशिवाय बाटला उघडत नाही, हे मीच त्या सगळ्यांना तीन वर्षं शिकवत आले होते.

दसरा झाला. यंत्रांची उत्तरपूजा झाली, लेथ फिरू लागले. बाटले भिंतीवर तसेच राहिले, कारण त्यांना फिरायचं नव्हतं आणि कोणाला त्यांची आठवण नव्हती.

परीक्षक आले. सडपातळ, शांत, पेनाचं टोपण दातांत धरणारे. वर्गातलं शिकवणं छान पार पडलं. मग आम्ही प्रात्यक्षिकासाठी मागच्या पटांगणात गेलो. पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये पाण्यावर डिझेल ओतलेलं होतं. सरावाचा बाटला पुन्हा भरायला पाठवलेला होता, म्हणून मी भिंतीवरचा एक आणायला सांगितला. तो माळेसकट आला. मला माळ दिसली, गोडही वाटली. पिन दिसली नाही.

मी ट्रे पेटवला. डिझेलचा काळा, तेलकट धूर वर चढला. "काका, या पुढे," मी म्हणाले.

काका पुढे आले. बाटल्याच्या दोन पावलं अलीकडे थांबले, वाकले, लेस सोडल्या आणि पायांतले बूट काढून नीट जोडीनं बाजूला ठेवले. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांनीही तेच केलं. देवळाच्या पायरीपाशी असावी तशी पादत्राणांची ओळ आगीशेजारी लागली.

"अहो काका! हे काय करताय?"

"मॅडम, बाटला पूजेतला हाय. याची उत्तरपूजा झाली नाय अजून. तुम्ही सांगितलं म्हणून हात लावतो, पण चामडं घालून कसं शिवायचं?"

त्यांनी बाटल्याला हात जोडले, मग पिनेला हात घातला. पिन हलली नाही. त्यांनी ओढली. नाड्याचं फूल आणखी घट्ट झालं. ज्वाळा कमरेएवढ्या होत्या आणि परीक्षक खुर्चीतून उठले होते.

इगतपुरीहून रेल्वेनं येणारा आमचा वेल्डर मागच्या बाजूला उभा होता, सुदैवानं बुटांसकट. त्यानं भिंतीजवळची वाळूची बादली उचलली, ट्रेवर नीट पसरून ओतली, मग दुसरी ओतली. आग विझली. तो हात झटकत म्हणाला, "बरं झालं, बादलीला कुंकू लावायचं राहून गेलं."

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळे हसले, पण पोटात.

परीक्षक बाटल्यापाशी आले. नाडा बोटानं उचलून पाहिला. "हा कोणी बांधला?"

काका घाईनं म्हणाले, "पूजेत बांधला साहेब. पूजेत बांधावाच लागतो."

"ते ठीक. पण कोणी?"

पंचवीस माणसं पायांकडे पाहू लागली; त्यांतले चौघे मोज्यांकडे. एक क्षण मला वाटलं, हे लोक मला सहज सांभाळून नेतील. कोणी नाव घेणार नाही, आणि माझं प्रमाणपत्र वाचेल. त्या मोहाला चवसुद्धा होती, डिझेलची, कडवट.

"मी बांधला," मी म्हणाले.

"प्रात्यक्षिकाआधी उपकरण तपासलंत?"

"नाही."

त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं. पेनाचा आवाज मला वाळूवर काठी ओढल्यासारखा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "नियमात एक संधी असते. त्याच दिवशी प्रात्यक्षिक एकदा परत करता येतं. एकाच्याही अंगावरचं संरक्षणाचं साधन कमी दिसलं, तर मी तिथेच वही मिटणार." थोडं थांबून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मला काळजी नाड्याची नाही. मॅडम गाठी मारत होत्या तेव्हा तुम्ही सगळे बघत होतात. पिन कशासाठी असते हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मघाशी वर्गात ऐकलं मी. मग बोललं का नाही कोणी?"

वेल्डर म्हणाला, "साहेब, पूजेत कोण बोलतं? आणि मॅडमला कोण सांगणार? त्याच आम्हाला शिकवतात."

हे वाक्य मला आगीपेक्षा जास्त भाजलं. तीन वर्षं मी त्यांना ऐकायला शिकवलं होतं, आणि ते इतकं उत्तम शिकले होते की माझी चूकसुद्धा त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतली होती.

"ऐका," मी म्हणाले. "आता जे होईल त्यात माझं काही चुकलं, तर ओरडा. परवानगी मागू नका."

काकांनी मान हलवली, पण ती मान नुसत्या आदराची होती, हे मला ओळखू येत होतं.

तयारी सुरू झाली. चौघांनी बूट चढवले. काकांनी मात्र अट घातली की आधी उत्तरपूजा. अक्षता कुठून आणणार? वेल्डरनं आपला डबा उघडला. "भात चालेल का? इगतपुरीचा हाय, आंबेमोहोर."

"शिजलेल्या अक्षता असतात का रे कुठं?" काका कडाडले. अखेर उपाहारगृहातून चिमूटभर कच्चे तांदूळ आले. काकांनी ते बाटल्यावर वाहिले, त्याला तळहातानं जरासं सरकवलं, आणि पूजा संपली असं जाहीर केलं. परीक्षक हे सगळं हाताची घडी घालून पाहत होते. त्यांच्या वहीत याच्यासाठी रकाना नसावा.

ट्रे नव्यानं भरला. आता नाडा सोडायचा होता, आणि बांधणारी मी, तेव्हा सोडणारीही मीच. मी वाकले. सात गाठी. नखांना हळद लागली, बोटांना कुंकू. झेंडू कोमेजून त्याचा वास आता दाट, गोडसर झाला होता. एकेक गाठ सुटत होती आणि माझं सगळं लक्ष बोटांच्या टोकांवर गोळा झालं होतं. शेवटची गाठ सुटली. पिन मोकळी झाली. मी ती ओढून पाहिली, परत बसवली, बाटल्यावरचा दाबाचा काटा हिरव्यावर असल्याचं मोठ्यानं सांगितलं आणि सरळ उभी राहिले. पेटता काकडा हातात घेतला. परीक्षकांनी वही उघडी धरली होती.

प्रमाणपत्र पुढच्या महिन्यात टपालानं आलं. सोबतच्या शेऱ्यात एक ओळ होती, की प्रशिक्षणार्थी प्रशिक्षकाची चूक निर्भयपणे दाखवतात. पण माझा निकाल त्या पाकिटात नव्हता. तो पटांगणातच लागला होता, मी काकडा ट्रेकडे नेला त्या क्षणी.

गोष्ट अशी, की आमच्या स्टोअरमध्ये बायकांच्या मापाची सुरक्षा-पादत्राणं तेव्हा नव्हती. मी पुरुषांचा सहा नंबर वापरत असे, दोन मोज्यांवर. पूजेतल्या वस्तूपुढे वाकलं की पायातलं काढायचं, हे लहानपणापासून माझ्या टाचांना ठाऊक. त्यांना मी कधी कुठलं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. गाठी सोडताना डाव्या बुटाच्या टोकानं उजव्या पायाची टाच कधी मोकळी केली, मला पत्ता नव्हता. उजवा पाय नुसत्या मोज्यात, आगीच्या दिशेनं, एक पाऊल पुढे पडत होता.

आणि तेवढ्यात मागून, 'मॅडम' न म्हणता, परवानगी न मागता, सायखेड्याच्या काकांचा आवाज पटांगणावर फुटला :

"बूट!"