दुसरा साक्षीदार

आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपचं एक आहे. पक्षी फोटोत ठिपक्याएवढा येतो, पण किस्सा दर वेळी सांगताना थोडा फुगतो! परवा ऑक्टोबरातल्या रविवारी आम्ही अमरावतीहून उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणावर गेलो, आणि किस्सेच इतके जमले की बदकं मोजायची राहून गेली.

*

माझी पाच वर्षांची लेक ओवी सोबत, म्हणून मी स्वेटर, कानटोपी, ओआरएस, थर्मामीटर, जास्तीचे फ्रॉक, सगळं घेतलं. गाडी सलीमभाईंची. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, पण रविवारी पक्ष्यांसाठी ते अमरावतीत हजर. डिकी उघडून ते माझ्या बॅगांकडे बघतच राहिले.

"भाभी, पक्षी पाहाले चाललो, का पोरीले सासरी पोचवाले?"

*

ग्रुपचे सर्वेसर्वा वकीलकाका. त्यांनी कोर्ट सोडलं, कोर्टाने त्यांना सोडलेलं नाही. त्यांचा नियम: पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत धरायचा. एकट्याने पाहिला तर भास! आणि कुणी खोटी साक्ष दिली तर पुढच्या रविवारचा चहा त्याच्या घरी.

माझ्या पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं, "तारेवर नीलपंख बसलाय. दिसला?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावून संकोचाने म्हटलं, "हो हो, किती छान!"

काकांनी हलकेच माझ्या हातातली दुर्बीण घेतली, पुढच्या काचांवरची झाकणं काढली आणि परत दिली.

"सूनबाई, रविवारच्या चहात साखर कमी घाल. मला डायबिटीस आहे."

*

धरणाच्या काठावर आम्ही दबा धरून बसलेलो. शेळ्या चारणारी एक मावशी मागे येऊन उभी राहिली.

"कावून जी, काई हरपलं का?"

"नाई मावशी, बदकं पाहून राहिलो," सलीमभाई म्हणाले.

"पकडता?"

"नाई."

"मंग?"

"पाहतो अन् घरी जातो."

मावशीने आम्हा शहाण्यांकडे पाहिलं, मग ओवीकडे. "लेकराले तरी खाऊ घातलं का काई?"

मी थर्मामीटर आणला होता. डबा घरी ओट्यावर राहिला होता!

*

मावशीची भाकर-चटणी खात ओवी ऐकत होती. सलीमभाई सांगत होते, ही बदकं हिमालयापलीकडून येतात.

"रस्ता कोण सांगतं त्यांना?"

"अम्मी सांगते, बेटा."

"आणि पिल्लाने काही सांगितलं, तर अम्मीला खरं वाटतं?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन उगाच उघडली, उगाच लावली.

त्याचं असं आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलगी गोड आहे, पण मनचं सांगते हो." तेव्हापासून ओवीने काहीही सांगितलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "खरं?" मुलगी खोटारडी निघेल ही एक काळजी होतीच. हल्ली ती काही सांगतच नाही, ही दुसरी.

*

निघायच्या वेळी ओवी एकदम ओरडली, "पक्षी! त्या बाभळीवर! निळा निळा, लाल तुरा! माझ्याकडे बघून हसला!"

बाभळीवर काहीच नव्हतं.

"खरं?" माझ्या तोंडून गेलंच.

ओवीचा वर झालेला हात खाली आला. "जाऊ दे," ती म्हणाली.

सलीमभाईंनी डोळे बारीक करकरून पाहिलं. "मले तं नाई दिसला, बेटा."

वकीलकाकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बाभळीकडे बराच वेळ बघत राहिले.

"निळा," ते म्हणाले. "तुरा लाल. आणि हसणं म्हणशील, तर जरा जास्तच हसतोय. दोन साक्षीदार झाले. पक्षी धरला!"

ओवी मावशीला सांगायला उड्या मारत पळाली. "मी पाहिला! आजोबांनी पण पाहिला!"

मी काकांच्या समोर जाऊन उभी राहिले. दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच ते म्हणाले, "सूनबाई, येत्या रविवारचा चहा माझ्याकडे."

दुर्बिणीची दोन्ही झाकणं लावलेलीच होती.