दोघंबी सोळाचे

पिकल्या पेरूचा वास आला, की आजही माझी मान खाली जाते.

निजामाचं राज्य होतं. तांड्यावरचा थोराड सोमला आणि मी औंढ्याजवळच्या बागेत पेरू चोरताना सापडलो. ठाण्यात अमीनसाहेबांनी वय विचारलं. ओठावर लव काय फुटली, मी रुबाबात बोललो, “आमी दोघंबी सोळाचे!”

“काहून खोटं बोलून राहिला?” अकरा वर्षांचा सोमला पुटपुटला.

“गप! लेकरं म्हणून हसतील.”

लेकरांना दोन छड्या मारून सोडत, सोळाच्यांना कोठडी. माझे काका गावचे पाटील, त्यांनी मला लगेच सोडवून नेलं. निघताना सोमलाची आई अमीनसाहेबांना विनवत होती, “दुधाचे दात बी पडले न्हाईत वो समदे!”

गजांआड सोमला मोठ्ठा आ करून उभा होता.