वर म्हणजे नक्की कुठे

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचा जिना नाहीसा झाला होता. त्यावरून उतरणाऱ्या माणसाची नुसती चप्पल ऐकू येत होती. गॅलरीतल्या दोरीवर चादरी परवापासून लोंबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी एकीचं टोक चिमटीत धरलं, गालाला लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"अजून ओलीच."

"तू जा. मी टाकतो पंख्याखाली," नवरा आतून म्हणाला. "आज तुझ्या डोक्यात चादरी नकोत."

"चादरीच बऱ्या," बाई म्हणाल्या आणि पर्स शोधायला लागल्या. पर्स खांद्यालाच होती.

दवाखान्यात वॉर्डची फेरी त्यांनी रोजच्या क्रमानेच घेतली, पण शेवटच्या खाटेशी आल्यावर पाय आपोआप हळू झाले. तिथे टेलरमास्तर उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. आयुष्यभर पायाने मशीन चालवलेला माणूस. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती आणि कमरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीतून थेट पायाच्या बोटापर्यंत जात होती. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. कळ काही हटली नव्हती.

"काय मास्तर, लागली का झोप?"

"झोप कसली बाई. हा पाय रात्रभर गाणी म्हणत होता."

बाईंनी त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं. "ढकला माझं बोट." अंगठ्याने ढकललं. उजव्यापेक्षा जोर कमी होता, पण होता. हा जेवढा आहे तेवढा संध्याकाळी राहिला पाहिजे, एवढंच बाईंच्या मनात आलं. मधे नसेला धक्का लागला तर मास्तरांचं पाऊल लुळं पडणार होतं, आणि मग मशीनवर पाय ठेवून काय करायचं?

"बाई, खरं सांगा हं," मास्तर म्हणाले. "छिद्र काजाएवढंच पाडणार ना? मी बायकोला तसंच सांगून ठेवलंय."

"काजाएवढंच."

"मग नीट करा. काज बिघडलं की अख्खा सदरा वाया जातो."

बाई हसल्या. असलं काज त्या आज पहिल्यांदाच सर्वस्वी स्वतःच्या हाताने करणार होत्या.

तशा त्या या कामातल्या जुन्याजाणत्या. पाठीवर लांब चीर द्यायची, स्नायू बाजूला सारायचे, छिन्नीने हाडाचा तुकडा उडवायचा आणि मान वाकवून आत बघत नस मोकळी करायची, यात त्यांचे केस पिकले होते. पाठीमागे सगळा स्टाफ त्यांना छिन्नीबाई म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. पण हल्ली पेशंट मोबाईल पुढे करून विचारायचे, "तुम्ही दुर्बिणीतून करता का?" पेन्सिलीएवढी नळी आत घालायची, तिच्यातून सतत पाणी सोडायचं आणि आतलं सगळं समोरच्या पडद्यावर बघत काम करायचं. चीर लहान, रक्त कमी, माणूस लवकर उभा राहतो. बाई खरं ते सांगायच्या, की मी नाही करत, आणि दुसरीकडे चिठ्ठी द्यायच्या. चिठ्ठ्या वाढत गेल्या. वर्षानुवर्षं मान वाकवून लागलेला बाईंचा मानेचा पट्टाही कपाटातून निघून हाताशी खुंटीवर आला. शेवटी एक दिवस त्यांनी परगावच्या शिबिरात नाव घातलं.

शिबिरात सगळे त्यांच्या निम्म्या वयाचे सर्जन. आणि शिकवायला कोण, तर धांदल. तो कधीकाळी बाईंच्याच हाताखाली शिकलेला. घाईत मास्क बांधायच्या आधी हातमोजे चढवायचा आणि मग मोजे टाकून पुन्हा हात धुवायला पळायचा, म्हणून बाईंनीच त्याचं हे नाव ठेवलेलं. आता पोट सुटलेलं, चष्मा आलेला, आवाज खालच्या पट्टीत.

"मॅडम, तुम्ही पहिल्या टेबलावर या," तो म्हणाला.

"का रे? म्हातारी शेवटच्या बाकावरून दिसणार नाही म्हणून?"

"नाही मॅडम. मी चुकलो तर तुम्ही लगेच ओरडाल म्हणून."

टेबलावरच्या पेटीत प्लॅस्टिकचे मणके होते आणि आत नसेच्या जागी पिवळी रबरी दोरी. बाईंनी नळी आत घातली. डोळे पडद्यावर ठेवायचे होते, पण मान सवयीने खाली जायची. खाली बघावं तर पेटीच्या झाकणाशिवाय काही नाही. एवढ्यात धांदल मागून म्हणाला, "थोडं वर, मॅडम."

बाई वर गेल्या. पडद्यावर पिवळ्या रबराचा चोथा तरंगायला लागला.

"अरे, वर म्हणालास ना?"

"पडद्यावर वर म्हणालो, मॅडम."

"आमच्यात वर म्हणजे डोक्याकडे. तूही तेच म्हणायचास, माझ्याकडेच शिकलास."

शेजारच्या टेबलावरचा एक तरुण डॉक्टर बिचकत म्हणाला, "मला तर वाटलं, वर म्हणजे छताकडे." त्याच्याही पेटीत पिवळा चोथा झाला होता. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पेशंट पालथा, आपण उभ्या, नळी तिरकी आणि चित्र चौथ्याच बाजूला फिरलेलं. रोजचा साधा शब्द, पण त्याने आपलं बिऱ्हाड हलवलं होतं आणि नवा पत्ता काही कळवला नव्हता. रबर होतं म्हणून बरं. ती कुणाची तरी नस असती तर?

घरी आल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता ऑपरेशनं सोडते. ओपीडी तेवढी बघते."

नवरा चादर घालत होता. त्यांच्या घरातलं हे काम त्याचं, आणि ते त्याला कधीच धड जमलं नव्हतं. "ऊठ जरा," तो म्हणाला. "आणि सांग, ही पट्ट्यांची बाजू उशाला की पायथ्याला?"

"उशाला," बाई म्हणाल्या आणि उठता उठता थबकल्या. "परत विचार."

"अगं, उशाला की पायथ्याला?"

"तू तिकडून उभा आहेस, मी इकडून. तरी दोघांचं उसं एकच."

"मग? पलंग एकच आहे ना आपला?"

बाईंनी ऑपरेशनं सोडायचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना गोळा केलं. डोक्याची बाजू ती उसं, पायाची बाजू तो पायथा. आत खोल जायचं तर पोटाकडे, बाहेर यायचं तर पाठीकडे. मधोमध सरकायचं तर कण्याकडे. 'वर' हा शब्द आजपासून बंद. जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. एक्सरेच्या मशीनवरचा माणूस "वर घेऊ का?" असं विचारून पहिल्याच दिवशी चहाला लागला. थिएटरच्या मोठ्या सिस्टर, ज्यांनी बाईंच्या हातात अवजारं देता देता चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता, त्या म्हणाल्या, "चला, आता अंथरूण घालायची भाषा सर्जरीत आली."

मग बाई पुन्हा शिबिराला गेल्या. पेट्यांवर पेट्या केल्या, धांदलच्या हाताखाली उभ्या राहून खऱ्या शस्त्रक्रियाही केल्या. उसं-पायथा त्यालाही शिकवला. त्याने आधी डोळे फिरवले, पण त्याच्या टेबलांवर रबराचा चोथा कमी व्हायला लागला तसा तोही बोलायला लागला. आणि आज पहिल्यांदा नळी पूर्णपणे बाईंच्या हातात राहणार होती. धांदल मुद्दाम आला होता, पण नुसता शेजारी उभं राहायला.

मास्तरांना भूल चढली. पालथं निजवलं. एक्सरेवर मणका नक्की केला, परत मोजला, धांदलनेही मोजला. बोटाच्या पेराएवढी चीर. नळी आत गेली, पाणी सुरू झालं आणि पडद्यावर पांढऱ्या तंतूंचं रान उगवलं.

बाईंची मान खाली गेली.

"मॅडम, समोर," सिस्टर हळूच म्हणाल्या. बाईंनी मान उचलली.

काम सरकत होतं. धांदल पडद्याकडे झुकला. "मॅडम, जरा व..." सिस्टरनी मास्कवरून त्याच्याकडे पाहिलं. "उशाला," तो म्हणाला.

"निम्मा चहा झाला तुझा," बाई म्हणाल्या आणि उशाला सरकल्या.

मग एकाएकी पडदा लाल झाला. कुठली तरी बारीक रक्तवाहिनी. काहीच दिसेना. बाईंच्या हातांना जुनं सगळं आठवलं. चीर वाढव, बोट घाल, कापसाने दाब, डोळ्यांनी बघ. छिन्नी ट्रेमध्ये होती, सिस्टरनी न सांगता मांडलेली. बाईंनी नळी तशीच धरून ठेवली. पाणी वाहत राहिलं. लाल गुलाबी झालं, गुलाबी विरलं आणि त्यात एक ठिपका फुगताना दिसला. त्यावर डाग देणाऱ्या तारेचं टोक टेकवून त्यांनी तो बंद केला. मागे नस होती. चपटी, ताणलेली, कुणाचं तरी बोट दारात चेमटावं तशी.

नसेखालून गादीचा तुकडा निघाला, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा. तो निघाला आणि नस खाली बसली, मग पाण्याबरोबर सैल हलायला लागली. धांदलने मोठा श्वास सोडला. त्याच्या चष्म्यावर वाफ आली.

पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. मास्तरांना उताणं केलं, भूल उतरायला लागली, तशा त्या चादर बाजूला करून पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. धांदल तिथेच, सिस्टर तिथेच.

"मास्तर, ऐकू येतंय का? डावा अंगठा वर करा."

पाय निपचित.

"मास्तर, डावा अंगठा. वर करा."

काही नाही. पाऊल लाकडाचं असावं तसं पडलेलं. बाईंच्या डोळ्यांसमोर तो लाल पडदा परत आला. टोक टेकवलं तेव्हा नस मागेच होती. किती मागे? सिस्टर आणि धांदल दोघंही पावलाकडेच बघत होते.

"अहो," उशाशी बसलेले भूलतज्ज्ञ म्हणाले, "किती वेळ करून ठेवायचा त्यांनी? हात दुखेल."

तिघांनी एकदम माना वळवल्या. चादरीतून मास्तरांचा डावा हात बाहेर आला होता आणि त्याचा अंगठा ताठ उभा होता. डोळे मिटलेले, पण चेहऱ्यावर सांगितलेलं काम केल्याचं समाधान.

बाईंनी पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हा, मास्तर. पायाचा हो. ढकला माझं बोट."

अंगठ्याने बोट ढकललं. सकाळइतकंच. कदाचित किंचित जास्तच, पण ते बाई कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांचा जीव भांड्यात पडला तो इतका जोरात की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "दोनदा म्हणालात 'वर'. दोन फेऱ्या चहा."

"करते बाई, करते. बसू दे आधी."

चहा बाईंनी खरंच केला, आणि धांदलने कप विसळले. त्याने हात ओले करायच्या आधी बाह्या दुमडल्या नाहीत, म्हणून त्या दोन्ही भिजल्या.

दुपारी मास्तर उताणे, पाय सरळ पसरून पडले होते. बायकोने पाठीचा फोटो काढून दाखवला होता.

"एकच टाका?" त्यांनी विचारलं.

"एकच. आणि पायाची गाणी?"

"बंद. आता शेजारचे घोरतात ते ऐकू येतं." मग त्यांनी फोटो लांब धरून पुन्हा पाहिला. "टाका बरा आहे. गाठ जरा मोठी मारलीत."

"पुढच्या वेळी बारीक मारते."

"पुढची वेळ दुसऱ्या कुणाची तरी असू दे," मास्तर म्हणाले.

बाई घरी निघाल्या तेव्हा धुकं पार उडालं होतं आणि समोरचा जिना जागेवर आला होता. त्यावर एक बाई धान्याची पिशवी टेकवून श्वास घेत होती. घरात पंखा चालू होता, खुर्च्यांच्या पाठींवर चादरी पसरलेल्या होत्या.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"अंगठा वर केला त्यांनी."

"कुठला?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसू आवरेना तशा त्या पलंगावर बसल्या, आणि कशाला हसतेय ते न कळताही तोही हसला.

मग त्यांनी खुर्चीवरची चादर उचलून गालाला लावली. मधे कोरडी, एक टोक अजून दमट. "धर," त्या म्हणाल्या. नवऱ्याने दोन कोपरे धरले, त्यांनी दोन. झटकली, पसरली, गादीखाली खोचली.

"ओलं टोक कुठे घेतलंस?" त्याने विचारलं.

"तुझ्या पायथ्याला," बाई म्हणाल्या आणि उशीला अभ्रा घालायला लागल्या.